अकरा वाड्या

मी अकरा वाड्या वसवल्या आणि त्यांतल्या एकीतही माणूस राहत नव्हता, हे मला एका एप्रिलच्या सकाळी आयर्लंडमधल्या नास गावातल्या आमच्या घराच्या वरच्या लहान खोलीत कळलं. हातात चहाचा कप होता. तो खाली ठेवायचंही सुचलं नाही.

आधी काम सांगते, नाहीतर कुणाला वाटेल मी सरपंच वगैरे आहे. मी एका सल्लागार कंपनीत नकाशांच्या माहितीचं काम करते. आठवड्यातून दोन दिवस डब्लिनला ऑफिसात, बाकीचे दिवस या खोलीत, जिथे एका भिंतीला माझं टेबल आणि दुसऱ्या भिंतीला इस्त्रीची वाट पाहणारे कपडे. आमची कंपनी एका वाळवंटी देशातला लांबलचक रस्ता आखत होती. देशाचं नाव लिहीत नाही, करारात तसं बजावलेलं आहे. रस्ता आखणारे इंजिनिअर वेगळे, पूल आणि मोऱ्यांचे वेगळे, बसथांब्यांचे वेगळे. मी या सगळ्यांच्या आधीची. जुन्या सर्वेक्षणाच्या नकाशांवर छापलेली नावं उचलायची आणि प्रत्येकापुढे लिहायचं: ही विहीर, ही टेकडी, हे कबरस्तान, ही वस्ती. पुढच्यांचं काम त्याच्यावर उभं राहतं.

नावांचा ढीग होता. एकेक हातानं लिहीत बसण्यापेक्षा मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. नावात अमुक शब्द आला की विहीर, तमुक आला की टेकडी. अरबी मला येत नाही, पण शब्दांच्या अर्थांची यादी दिलेली होती. ती पाहत पाहत मी नियम करत गेले. यादीत न पाहता केलेला नियम एकच. डब्ल्यू, ए, डी, आय. यात काय पाहायचं? वाडी. माझ्या आजोळचं नाव वाडीनं संपतं. सासरच्या गावाला तीन वाड्या आहेत. पुण्यात कॉलेजला जायच्या बसच्या पाटीवर वाडी होती. हा शब्द मला कुणी शिकवलेला नाही, त्यामुळे तो कुठे शोधून पाहावा असं मनातही आलं नाही. वाडी म्हणजे वस्ती, एका ओळीचा नियम, पुढे चला.

एक गोष्ट खटकली होती हे कबूल करते. आपल्याकडे वाडी नावाच्या शेवटी येते, तिथे ती आधीच लागत होती. मी मनाशी म्हटलं, अरबी उजवीकडून लिहितात, उलटं असणारच. इतकं बिनडोक कारण मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं तर त्याची धडगत नव्हती. पण स्वतःला सगळं खपवून घेता येतं. उलट मला बरंच वाटलं होतं. एवढ्या लांब, वाळूत, वाड्या आहेत म्हणून.

नव्या रस्त्याच्या कडेला अशा अकरा निघाल्या. मोऱ्यांवाल्यांना माझ्या यादीची गरज नव्हती. ते जमिनीच्या चढउतारावरून पाणी कुठून येईल ते काढतात, त्यामुळे त्यांच्या मोऱ्या जिथे हव्यात तिथेच झाल्या. थांबेवाल्यांनी मात्र माझी यादी घेतली. वस्ती तिथे थांबा. रस्ता भरावावरून जातो, तेव्हा वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना चढ नको म्हणून भरावाच्या बाजूनं एक उतार खाली काढायचा आणि त्याच्या पायथ्याशी बसायला शेड. छान काँक्रीटचं बाकडं, वर पत्रा, नावाची पाटी. पाटीवर अरबीत नाव. ते वाचून तिथल्या माणसाला काहीच वावगं वाटलं नाही, आणि इथे ऑफिसात कुणाला अरबी वाचता येत नव्हतं.

वावगं फक्त एकाला वाटलं होतं. साइटवर मोजणी करणारा सर्व्हेअर होता, उत्तर प्रदेशातला, चाळिशीचा असेल. थांब्यांची जागा कोपऱ्या-कोपऱ्यानं बरोबर आहे का हे तो मोजायचा, फोटो पाठवायचा आणि मी ते नकाशावर बसवायचे. आम्ही कधी भेटलो नाही. मात्र रोज बोलायचो. मुलींच्या परीक्षा, तिथली गरमी, इथला पाऊस. पहिल्या शेडच्या वेळी त्यानं फोन केला होता.

"मॅडम, ये वादीवाला स्टॉप है ना, इधर तो कोई रहता नहीं. दूर दूर तक कोई नहीं. एक बार कन्फर्म कर दीजिए."

तो 'वादी' म्हणाला तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्याला वाडी हा शब्दच माहीत नसणार. त्याची कीव केली मी. मग फाइल उघडली, नाव पाहिलं, पुढे माझ्याच प्रोग्रामनं लिहिलेलं 'वस्ती' पाहिलं आणि त्याला एका शब्दाचा मेसेज टाकला: कन्फर्म्ड. दोन मिनिटंही लागली नसतील. त्याचं उत्तर आलं, हात जोडलेली खूण आणि 'जी मॅडम'. पुढच्या दहा थांब्यांच्या वेळी त्यानं परत विचारलं नाही.

या गोष्टीला पाच-सहा महिने झाले असतील तेव्हा अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. आटपाडीकडच्या दुष्काळी भागात वाढले आणि सगळी नोकरी तालुक्याच्या बसस्टँडवर केली, शेवटची वर्षं कंट्रोलर म्हणून. माइक बंद पडला तरी स्टँडच्या टोकापर्यंत ऐकू जाणारा आवाज. आई गेल्यानंतर एकदाचे तीन महिन्यांसाठी यायला तयार झाले होते. आल्या आल्या त्यांनी घरासमोरचा बसथांबा ताब्यात घेतला. रोज सकाळी कानटोपी घालून तिथे उभे राहायचे आणि कुठली बस किती वाजता आली ते वहीत लिहायचे. थांब्यावरच्या पाटीवर बस दोन मिनिटांत येणार असं दिसायचं आणि मग ती बस पाटीवरूनच नाहीशी व्हायची. याचा त्यांना इतका संताप यायचा की जणू त्यांच्याच स्टँडवरची गाडी पळाली. थांब्यावरच्या बायकांनी त्यांना एक शब्द शिकवला होता. कुणी कसे आहात विचारलं की ते ठसक्यात म्हणायचे, "ग्रँड!" इथे कुणाबद्दलही 'तो माणूस' म्हणायला 'युवर मॅन' म्हणतात, पण अण्णा फक्त ड्रायव्हरला म्हणायचे, तेच त्याच्या हुद्द्याचं नाव आहे अशा समजुतीनं.

त्या सकाळी साडेदहाच्या सुमाराला ते दोन कप चहा घेऊन वर आले. "तुमचा युवर मॅन आज अकरा मिन्टं लेट," असं जाहीर करून माझ्या मागे उभे राहिले. पडद्यावर सर्व्हेअरनं नुकताच पाठवलेला एका शेडचा फोटो होता. मला दाखवायची हौस आली. ज्या माणसानं जन्मभर थांबे सांभाळले त्याला मी म्हटलं, "अण्णा, बघा, असे अकरा थांबे माझ्या यादीवरून उभे राहिलेत."

"आरं वा. पिकअप शेड." ते वाकले. चष्मा वर केला. "नाव काय ह्या गावाचं?"

मी नाव वाचून दाखवलं. वाडी, आणि पुढे आणखी एक शब्द.

"तितं बी वाड्या? आणि वाडी म्होरं कशी लागली?"

"त्यांची पद्धत."

"बरं." चहाचा घोट घेतला. "मंग माणसं कुटं हैत?"

"अहो, शेडच्या मागे असतील. हा फक्त शेडचा फोटो आहे."

"वरनं दाखव. तुमच्यात वरनं दिसतंय न्हवं?"

मी उपग्रहाचं चित्र लावलं. रस्त्याची काळी रेघ, शेडचा पांढरा ठिपका, आजूबाजूला पिवळट जमीन. अण्णा आणखी पुढे वाकले. त्यांचा श्वास माझ्या कानाशी येत होता आणि मला त्याचा वैताग आला होता, कारण पाऊण तासात मीटिंग होती.

"पायवाट न्हाई," ते म्हणाले.

"काय?"

"वाडी हाय तर पायवाट पाहिजे. मानूस घरातनं निगून गाडीला येनार कसा, उडत? आमच्याकडं आर्ज यायचा, आमच्या वाडीला थांबा द्या. मी आदी जाऊन पायवाट बगायचो. पायवाट मळलेली असली तर मानसं हैत. न्हाईतर पुढाऱ्याचं मळं असत्यात." त्यांनी बोट पडद्यावर टेकवलं, त्याचा डाग अजून तिथे आहे. "आणि ही झुडपं वळीनं कशी उगावली? पार वरपासनं खालपातूर, नागमोडी?"

"अण्णा, प्लीज. यावर माणसं काम करतात. तज्ज्ञ असतात."

"आसू द्यात की. आगं, ही वाडी न्हवं पोरी. हा वढा हाय. कोरडा वढा. आणि ही बग मोरी. मोरीच्या तोंडाशी शेड बांदलंय कुनी शान्यानं?"

मी चिडले. अगदी खरं सांगायचं तर मी त्यांच्यावर ओरडले. प्रत्येक गोष्ट तुमच्या आटपाडीसारखी नसते, असं काहीसं म्हणाले. आणि त्यांना खोटं पाडण्यासाठी मी अर्थांची ती यादी उघडली. शेवटून तिसऱ्या ओळीत तो शब्द होता. वादी: कोरडी नदी, ओढ्याचं पात्र, पाऊस झाल्यास अचानक पूर.

मला आधी काही वाटलंच नाही. मी ती ओळ पुन्हा वाचली, कारण ती दुसऱ्या कुठल्या तरी शब्दाची असेल असं मला वाटलं. मग दुसरं गाव उघडलं. नागमोडी झुडपं. तिसरं उघडलं. अकराही उघडली. अकराही ठिकाणी तीच वळणं, तीच मोरी, आणि मोरीच्या तोंडाशी माझं पांढरं शेड. मी स्वतःला मोठ्यानं "नाही, नाही, नाही" म्हणताना ऐकलं. सहा वर्षं हे काम करत्येय मी. नकाशावरच्या एका अक्षराची चूक झाली म्हणून मी ज्युनिअरना फैलावर घेतलेलं आहे. आणि मी नद्यांच्या पात्रांत माणसं बसवायची सोय करून ठेवली होती, पत्र्याच्या सावलीसकट.

"पाऊस पडतोय का तितं?" अण्णांनी विचारलं.

"वाळवंट आहे ते, अण्णा."

"आमच्याकडं काय मळं हुतं का? पाऊस तितं पडत न्हाई. पाऊस वर पडतो, डोंगरात. हितं ऊन असतंय, धूळ असतीय, आणि मंग येतो लोंढा. मी येकदा गाडी दोन तास रोखून धरली हुती वढ्याच्या अलीकडं. मानसांनी आई-भन काडली माजी. ढग न्हवता डोक्यावर."

मी त्या देशाचं हवामान उघडलं. शेडवर ऊन. पश्चिमेच्या डोंगरांवर मात्र लाल पट्टा, आदल्या संध्याकाळपासूनचा, मुसळधार पावसाचा इशारा. आणि मी ज्या शेडकडे मघापासून पाहत होते तिथला ओढा त्याच डोंगरातून उतरत होता.

तेव्हा मला दुसरी गोष्ट आठवली आणि ती पहिलीपेक्षा भयंकर होती. तिथे घड्याळ दोन तास पुढे. साडेबारा-एक. जेवणाची वेळ. सर्व्हेअर आणि त्याची चार माणसं दुपारी जेवायला कुठे बसतात ते मला माहीत होतं, कारण त्यानंच मला कौतुकानं सांगितलं होतं. मॅडम, पचास किलोमीटर में छाँव एक ही जगह है, आपका स्टॉप. आणि तो स्टॉप म्हणजे हेच शेड, फोटोतलं.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा. मग मॅनेजरला लावला. ती इथल्याच किल्डेअर जिल्ह्यातली, शांत बाई, ऑफिसला आग लागली तरी आधी किटली चालू करील. मी काय म्हणत्येय ते तिला पहिल्यांदा कळलंच नाही. माझ्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ गाव होतो, हे मला दोनदा सांगावं लागलं आणि दुसऱ्यांदा सांगताना मला रडू फुटलं.

"ओके," ती म्हणाली. "ओके. इट्ल बी ग्रँड." मग पलीकडून कीबोर्डचा खडखडाट आला, बहुतेक तिनं तो नकाशा उघडला. "ओ जीझस," ती हळूच म्हणाली. "मी ठेकेदाराच्या ऑफिसला लावते. यू कीप ट्राइंग युवर मॅन."

मी लावत राहिले. अण्णा पलंगावर इस्त्रीचे कपडे सारून बसले होते. त्यांनी मला एकदाही 'मी सांगितलं नव्हतं का' म्हटलं नाही. बाहेर शेजारी गवत कापत होता. ठेकेदाराच्या ऑफिसात निरोप ठेवलाय, असा मॅनेजरचा मेसेज आला. मी नववा फोन लावला, दहावा लावला. फोन वाजतोय म्हणजे भिजलेला नाही, एवढ्यावर मी प्रत्येक वेळी तग धरत होते. अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यानं उचलला.

वाऱ्याचा प्रचंड आवाज. तो धापा टाकत होता.

"मॅडम! मैं आपको ही करनेवाला था. पानी आया मॅडम. बहुत पानी. शेड गया. पूरा उखड़ गया."

"आप लोग? आप लोग कैसे हैं?"

"सब ठीक, सब ऊपर रोड पे हैं. एक ऊँटवाला गाड़ी लेके चिल्लाता हुआ आया, सबको भगाया. खाना वहीं रह गया." तो हसला. मी फोन कानाला घट्ट धरून डोळे मिटले.

"तो फिर फोन क्यों नहीं उठाया?"

"चल रहा था ना, मॅडम. आवाज़ में सुनाई नहीं दिया. मैं वादी के अंदर हूँ, ऊपर की तरफ़. गाँव ढूँढ रहा हूँ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"गाँववालों को बोलना पड़ेगा ना," तो म्हणाला. "ऊँटवाला बोलता है इधर कोई गाँव नहीं. उसको क्या मालूम. बच्चे-वच्चे होंगे. पानी अभी थोड़ा उतरा है तो मैंने सोचा निकल जाऊँ. कितना अंदर है, मॅडम? आपके नक़्शे में देखकर बताइए."

मी काय बोलले ते मला सलग आठवत नाही. गाव नाही, असं ओरडले. कोई गाँव नहीं है, वापस जाओ. तो म्हणाला, है मॅडम, आपने कन्फर्म किया था. मी म्हटलं, मेरी ग़लती थी, वो मेरी भाषा में गाँव होता है, आपके यहाँ नदी है. हे ऐकायला किती वेड्यासारखं लागतं ते तेव्हाही कळत होतं. तो समजूत काढल्यासारखं बोलला, आणि ते वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"मॅडम, आप मेरी जान बचाने के लिए बोल रहे हो. मैं समझता हूँ. लेकिन बच्चे डूब जाएँगे तो मैं क्या मुँह दिखाऊँगा?"

अण्णांना हिंदी सगळं कळतं. ते उठून उभे राहिले होते. "दुसरा लोंढा मोटा असतो," ते मला म्हणाले. "पैला निस्ता रस्ता साफ करतो." आणि त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"ए भाई!" त्या लहानशा खोलीत तो आवाज मावेना. शेजाऱ्याचं यंत्र थांबलं, हे मला स्पष्ट आठवतं. "मैं उसका बाप बोलता हूँ. मैं बसस्टँड का कंट्रोलर हूँ. सुन. तेरे आजूबाजू में पायवाट दिखता है क्या? पायवाट! आदमी चल चल के रस्ता बनता है, वो. दिखता है? नहीं? बकरी का लेंडी? चूल का राख? कपड़ा सुकाने का रस्सी? एक चप्पल तुटा हुआ? कुछ भी? देख, नीट देख."

पलीकडे फक्त वारा.

"नहीं ना?" अण्णा एकदम हळू झाले. "आदमी रहता तो कुछ तो गिरा रहता ना, बाबा. नहीं है उधर कोई. मेरी लड़की चुक गई. अब तू बाजू को चढ़. सीधा नहीं, बाजू को. फोन चालू रख."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत उभे राहिलो. दगड सटकल्याचे आवाज येत होते, त्याचा श्वास, एकदा शिवी. अण्णा मधून मधून नुसतं "चढ़" म्हणत होते, प्लॅटफॉर्मला गाडी मागे घेताना ड्रायव्हरला सांगतात तसं. किती वेळ गेला माहीत नाही. मग दगडांचा आवाज थांबला आणि खालून दुसराच आवाज सुरू झाला. मी असा आवाज कधी ऐकलेला नव्हता. तो वाढत गेला, फोनचा छोटा स्पीकर खरखरायला लागला. अण्णांनी मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं.

"भाई?" अण्णांनी विचारलं. "ए भाई?"

उत्तर यायला फार वेळ लागला.

"ऊपर हूँ, अंकल," तो म्हणाला. "देख रहा हूँ. बाप रे." मला वाटलं, आता तो मला बोलेल. मला ते हवं होतं. कुणीतरी मला तेव्हा शिव्या द्यायला हव्या होत्या.

"मॅडम, पक्का ना? सच में कोई गाँव नहीं था?"

"नहीं," मी म्हटलं. "सच में नहीं. मैंने ही लिख दिया था."

"शुकर है," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. "मैं तो समझा सब बह गए. पाँच महीने से वहाँ बैठता था मैं, लड़कों को बोलता था, बेंच पे लेटो मत, गाँव के लोग आएँगे तो क्या सोचेंगे. शुकर है, मॅडम. कोई नहीं था."

मी टेबलावर डोकं ठेवलं. अण्णांनी त्याला घरी कोण कोण असतं, काय खाल्लं, पाणी आहे का हे सगळं विचारलं, ऊँटवाल्याची गाडी येईपर्यंत त्याला बोलतं ठेवलं आणि शेवटी, त्यानं कसे आहात विचारलं असावं तसं, आपणच सांगून टाकलं, "ग्रँड, ग्रँड."

दुपारी मॅनेजर स्वतः गाडी घेऊन नासला आली. ती माझ्यावर ओरडली नाही. तिनं चुकीच्या नोंदीचा फॉर्म उघडला आणि मी सांगत गेले तसं लिहीत गेली. 'चूक का झाली' या रकान्यापाशी तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिही की तो शब्द मला आधीपासून येत होता. तिनं तसंच लिहिलं. उरलेली शेडं दुसऱ्या दिवसापासून बंद करायची असं ठरलं. ती जाताना अण्णांनी तिला आपली वही दाखवली आणि इथल्या बसच्या वेळांबद्दल तक्रार नोंदवायला सांगितलं. तिनं तीही लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हेअरचा मेसेज आला. एक फोटो: रस्ता जसाच्या तसा, मोरीतून गढूळ पाण्याची बारीक धार, आणि जिथे शेड होतं तिथे चार वाकलेल्या सळया. खाली त्यानं लिहिलं होतं, मॅडम, बाकी दस जगह भी कोई नहीं रहता ना? लड़के पूछ रहे हैं. कन्फर्म कर दीजिए.

मी तो शब्द टाइप करायला गेले आणि बोटं उचललीच जाईनात. अण्णांना हाक मारली. ते थांब्यावरून वर आले, कानटोपी तशीच, खुर्ची ओढून शेजारी बसले. आम्ही दहाही ओढे उगमापासून रस्त्यापर्यंत बोटाबोटानं पाहिले. झुडपं, दगड, वाळू, पुन्हा झुडपं. एका ठिकाणी एक फिकट रेघ दिसली. अण्णांनी ती तीन वेगवेगळ्या वर्षांच्या चित्रांत पाहिली आणि उंटांची आहे म्हणाले. तरी मी सर्व्हेअरला सांगून ऊँटवाल्याला विचारायला लावलं. जेवण टेबलावरच झालं. मग मी उत्तर लिहिलं. त्याला सहा तास लागले होते.